टिटवी पहिल्या नंबरावर

पुण्याच्या स्वरविज्ञान प्रयोगशाळेत पेढे वाटणं चाललं होतं, आणि ज्यांच्या गाण्यापायी हा सगळा थाट, त्या द्वारकाबाई नेवासकर पेढा तसाच हातात धरून कोपऱ्यात रडत होत्या. आता काय म्हणावं! देशभरच्या गावरान गाण्यांच्या क्रमवारीत त्यांची ‘टिटवी’ पहिल्या नंबरावर गेली होती. अख्खी हयात तमाशाच्या बोर्डावर गेली, पण असलं यश कधी वाट चुकूनही आलं नव्हतं.

“अहो, आज तरी हसा की!” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शर्वरी चिटणीस म्हणाल्या.

“कशाला हसू, बाई? नंबर गाण्याचा आला. माझा आवाज ऐकलाय का कुणी?”

यात खोटं काहीच नव्हतं. ‘ओढस्वर’ हा शर्वरीबाईंचा शोध. कानातलं यंत्र ऐकणाऱ्याच्या मेंदूतली कंपनं मोजतं, गाणाऱ्याचा आवाज जरा जरा बदलत नेतं, आणि ज्या आवाजाला मेंदू सगळ्यात जास्त हेलावतो तिथं थांबतं. ज्याला ज्याची ओढ, त्याला त्याचा आवाज. कुणाला ‘टिटवी’ वारलेल्या बापाच्या गळ्यातून ऐकू यायची, कुणाला दुरावलेल्या बायकोच्या. लोक वेडे झाले नसते तरच नवल.

पण द्वारकाबाई गायल्या होत्या एकाच जिवासाठी. ऐन तारुण्यात, फडाच्या फिरतीत झालेली लेक त्यांनी काळजावर दगड ठेवून अनाथाश्रमात दिली होती. गाणं घरोघरी जाईल, कुठंतरी पोरीच्या कानी आपला आवाज पडेल, एवढीच आस. यंत्राची ही मेख त्यांना फार उशिरा कळली.

“तिनं ऐकलं तरी सांभाळणाऱ्या आईचाच आवाज येणार,” त्या म्हणाल्या. “आन् ते बरोबरच हाय म्हणा. मी काय दिलं तिला? दोन दिस दूध.”

तेवढ्यात तक्रारीचा फोन वाजला. शर्वरीबाईंनी स्पीकर लावला.

“मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय,” नाशिकची एक बाई तणतणत होती. “घरात सगळ्यांना आपापल्या माणसांचे आवाज येतात. मला मात्र कुण्या भलत्याच बाईंचा, बहुतेक त्या गाणाऱ्याच असाव्यात. यंत्र बदलून घेतलं, तरी तेच!”

शर्वरीबाईंनी तिच्या यंत्राचा आलेख पडद्यावर उघडला. यंत्र ठणठणीत होतं. नाना आवाज चाचपून ते दरवेळी मूळ आवाजावरच परत येत होतं, आणि तिथं मेंदूचा हेलावा एवढा, की इतका त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“त्या बाईंना ओळखता तुम्ही?”

“छे हो! पाहिलंसुद्धा नाही कधी. पण ऐकलं की रडू येतं. ते का, तेवढं सांगा.”

शर्वरीबाईंनी फोनवर हात ठेवला. “द्वारकाबाई, बाळाला पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकू येतो. तुम्ही तेव्हा...”

“आठवा सरेपर्यंत बोर्डावर गात होते की!” आणि पेढा हातातून गळून पडला.

त्यांनी फोन ओढूनच घेतला. बोलायला शब्द सुचेनात, म्हणून गायल्या:

“माळावर टिटवी गं, रातभर हाळी घाली,
पिल्लू कुणाच्या रानात, कुणाच्या पदराखाली...”



“यंत्र तर मी काढून ठेवलंय,” पलीकडून ती म्हणाली. “मग हा आवाज कुठून येतोय?”

“हितनंच येतोय, बाळा. तुझ्या आईकडनं.”