उपटलेली कडी

ज्याला खोटं वाटतं त्याने उंबरमाळीला यावं. ते दार अजून तिथेच आहे. हाताला धरून दाखवीन.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. भर दुपार होती, रात्रीबित्रीचं काही नाही.

मी मुरबाडला दिलेली, पण माहेर उंबरमाळीचं. हरेश माझा धाकटा भाऊ. भाऊ असला म्हणून काय झालं, खरं ते बोलणारच... तो दारू पिऊन बायकोला, काजलला, मारायचा. मारून झालं की तिला आत कोंडायचा, बाहेरून कडी लावायचा आणि ओटीवरच्या खाटेवर बसून राहायचा. त्यांची पोरगी सावळी, तेव्हा एवढीशी, आईबरोबर आतच.

शेवटी काजल पोरीला घेऊन सापगावला माहेरी गेली. बरं केलं तिने!

मग याची दारू सुटली. खरंच सुटली. कोर्टाने दर रविवारी पोरगी भेटायला दिली, पण आत्या, म्हणजे मी, सोबत हवी. आता याला ती मुक्कामाला हवी होती.

काजल मला म्हणाली, "ताई, एक रविवार तुमी तिला त्या घरी न्या. न घाबरता राहिली, तर मी नाय म्हणणार नाय."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर होतं.

हरेशने आदल्या दिवशीच दाराची कडी उपटून विहिरीत टाकली. तिची आरपार भोकं दोन्ही बाजूंनी सुताराच्या लांबीने बुजवली. मागच्या दाराला मात्र बाहेरून दरवर्षीसारखा पेंढा रचलेला, पार छपरापर्यंत. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आम्ही तिघं जेवायला बसलो. पोरगी चक्क हसत होती. बाबाच्या ताटातला रस्सा ओढून घेत होती.

तेवढ्यात...

खळ्ळ.

बाहेरून कडी लागली.

सावळीचा घास हातातच राहिला. तिने बोट ओठावर ठेवलं.

"कोण आहे रे मेल्या?" मी ओरडले.

कोंबड्यासुद्धा गप झाल्या होत्या.

हरेशने दार ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. बुजवलेली भोकं समोर दिसत होती, लांबी अजून ओली होती... आणि दार हलेना. मी मागच्या दाराला खांदा लावला. पेंढा जागचा सरकला नाही.

मग ओटीवरून आवाज आला...

"गप बसा. रडणं थांबल्याशिवाय काढणार नाय."

आवाज हरेशचा होता.

आणि हरेश माझ्या शेजारी उभा होता. तोंड मिटून.

तो दाराशीच बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "काढ रे... पोरगी आत आहे रे... काढ!"

बाहेर कोणीतरी खाकरलं. खाट करकरली. जसा कोणी आरामात बसलाय.

सावळी उठली. बाबाजवळ गेली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, रडू नका ना. तुमचा आवाज बाहेर जातो, म्हणून तो काढत नाय."

हरेशने टॉवेल तोंडात कोंबला. मीही श्वास धरला. किती वेळ गेला, देवाला माहीत.

मग सावळीने दाराच्या फटीला तोंड लावलं. अगदी शहाण्या पोरीसारखं म्हणाली, "गप झाले सगळे. आता काढा."

खळ्ळ.

दार आपोआप सैल झालं.

ओटीवर कोणी नव्हतं. खाटेची सुंभं मात्र मधोमध दबलेली... माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आली.

त्यानंतर हरेशने स्वतःच मुक्कामाला नको म्हटलं. आता दर रविवारी आम्ही शहापूरला भेटतो, मोकळ्या मैदानात. ना भिंत, ना दार.

परवा भेळ खाताना सावळी मध्येच थांबली. बोट ओठावर ठेवलं.

"आत्या, कडी लागली..."

मी चारी बाजूंना पाहिलं. पोरं क्रिकेट खेळत होती. मी उठायला गेले, तर हरेशने माझा हात घट्ट धरला.

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. गप. ती "काढली" म्हणेपर्यंत.