खडू खाली ठेवा

माझ्या पहिल्या सराव पाठाला मागे बसून कुणीतरी सारखा पाय दाबत होतं.

आपटत नव्हतं, दाबत होतं. बुटाचा तळ फरशीवर रेटल्यासारखा बसका आवाज. मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर पान काढून त्याचे भाग सांगत होते, आणि माझी दोन वाक्यं झाली की मागून — धप्. शेवटी वळून पाहिलं. शेवटच्या बाकाशेजारी, मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन एक उंच माणूस बसला होता. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता... धुक्यातल्या रस्त्याकडे बघावं तसा.

मुलं बाहेर पळाली. मी फळा पुसता पुसता विचारलं, "माझा पाठ आवडला नाही वाटतं?"

"आवडला की."

"मग पाय कशाला दाबत होता?"

त्याने स्वतःच्या बुटाकडे असं पाहिलं, जणू चोरी बुटाने केली होती.

"ब्रेक लावत होतो."

"काय?"

"मी गाडी चालवायला शिकवायचो. बरीच वर्षं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. चालवणारा सुसाट निघाला की आपला पाय आपोआप... सवय हो. माफ करा."

"म्हणजे मी सुसाट निघाले होते?"

"सगळे सिग्नल तोडलेत," तो गंभीरपणे म्हणाला. "देठापाशी तर दोन मुलं गाडीतून पडली. तुम्ही मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीत."

मला हसू फुटलं. वर्ग रिकामा होता, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच घुमलं. कोण हसलं म्हणून मीच क्षणभर थांबले.

पदवी घेऊन मला इतकी वर्षं झाली होती, की प्रवेशासाठी प्रमाणपत्र शोधताना अख्खा माळा उपसावा लागला. मधल्या काळात मी घरी बसून प्रुफं तपासायचे — दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या आणि गप्प राहायचं, असं काम. मग आई गेली. बाबा तर मी लहान असतानाच गेले होते. दादा-वहिनी दूरच्या शहरात. घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरला. एके दुपारी तोही थांबला, तर मी उठून त्याच्यावर हात ठेवून पाहिलं. त्याच आठवड्यात मी प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या, पदवीनंतरच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. मुलाखतीत विचारलं, प्राथमिकच का? मी बालमानसशास्त्रावर काहीतरी बोलले. खरं कारण एवढंच होतं, की जगातला सगळ्यात मोठा गोंगाट लहान मुलांच्या शाळेत असतो.

बाकीचे विद्यार्थी नुकते कॉलेजातून आलेले. मला 'ताई' म्हणायचे, त्याला 'ब्रेकमास्तर'. एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने मागे बसून पाहायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. जोड्या मॅडमनी लावल्या होत्या. वयाने वाढलेले आम्ही दोघंच, म्हणून एकत्र.

मॅडम म्हणजे आमच्या मार्गदर्शक. चण बारीक, आवाज त्याहून बारीक. पण त्या आत आल्या की डस्टरसुद्धा सावरून बसतं, असं पोरं म्हणायची.

"तुम्ही प्रश्न छान विचारता," त्यांनी मला बोलावून सांगितलं.

"थँक्यू, मॅडम."

"आणि उत्तरंही छान देता. मग मुलांना कशाला बोलावलंय? टाळ्या वाजवायला?"

मी खाली पाहिलं.

"प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा. हात झटकायचे. मूल बोलेपर्यंत खडूला शिवायचं नाही. मग शाळा सुटली तरी चालेल. शेवटच्या पाठाला हे जमलं नाही, तर मी पास करणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भेटू — मला आनंद होईल, तुम्हाला होणार नाही."

मी जिवापाड प्रयत्न केला. खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे... आणि तेवढ्यात जीभ पुढे धावायची. वर्ग गप्प झाला की माझ्या छातीत काहीतरी खाली खाली जायचं. मागून धप् ऐकू यायचं, पण तोवर उत्तर तोंडातून गेलेलं असायचं.

"संध्याकाळी वर्ग रिकामा असतो," एकदा तो म्हणाला. "मी विद्यार्थी होतो. तुम्ही विचारा."

तो पुन्हा त्या बुटक्या खुर्चीत मावला. बाहेर रिमझिम लागली होती. घसरगुंडीवरून पाणी एकटंच घसरत होतं.

"झाडाला पाणी कुठून मिळतं?" मी विचारलं. खडू ठेवला. हात झटकले.

त्याने छताकडे पाहिलं. कान खाजवला. मग खिडकीकडे पाहिलं...

"मुळांतून!" मी म्हणाले.

"मी सांगणारच होतो," तो खरोखर हिरमुसला.

"कधी?"

"घाई काय आहे? तुमची बस तर केव्हाच गेली."

खरंच गेली होती.

"मुद्दाम केलंत?"

"मी? मी तर तिसरीत आहे. मला घड्याळ कुठे कळतं?"

मग रोजच्या संध्याकाळी तशाच गेल्या. तो थर्मासमधून चहा आणायचा. एकच झाकण; आधी मी, मग तो. त्याच्या बाहीला कायम खडू लागलेला असायचा, आणि तो झटकावा असं मला वाटायचं... मी झटकला नाही कधी. उत्तरं द्यायला तो मुद्दाम युगं लावायचा. कधी चुकीचं सांगायचा, कधी बाथरूमला जाऊ का म्हणून विचारायचा. मी हळूहळू थांबायला शिकत होते, पण ते त्याच्यापुरतंच. समोर वर्ग आला की पुन्हा तेच.

"एक विचारू?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "गप्प बसलं की तुम्हाला नक्की काय होतं?"

सांगायचं नव्हतं. पण त्याने विचारलं आणि झाकण बाकावर ठेवून दिलं, आणि मग काही बोललाच नाही.

"आईची वाचा गेली होती," मी म्हणाले. "शेवटची वर्षं. अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर. मी विचारायचे, 'आई, चहा घेणार?' आणि मीच म्हणायचे, 'घेणार तर! साखर कमी? हो, कमीच.' ती पापण्या मिटायची, म्हणजे बरोबर. अर्ध्या ओठाने हसायची. दोघींचं बोलणं मी एकटीच करायचे. अजून करते. रोज सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून विचारते आणि..."



या जागी लोक काय म्हणतात ते मला पाठ झालं होतं. सुटल्या बिचाऱ्या. काळ हेच औषध. तुम्ही किती केलंत त्यांचं. तो यातलं काही म्हणाला नाही. काचेवरून पाणी उतरत होतं, माझ्या गालांवरूनही. त्याने टक लावून पाहिलं नाही, नजर चोरलीही नाही. नुसता बसून राहिला. त्याचा पायही हलला नाही.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "पुढचा प्रश्न विचारा, बाई."

मी रुमालाने नाक पुसलं आणि विचारलं, की पक्षी दात का घासत नाहीत. तो म्हणाला, त्यांच्या आया त्यांना सांगत नाहीत म्हणून.

शेवटच्या पाठाच्या आदल्या आठवड्यात त्याला शाळा मिळाली. डोंगरापलीकडे, बस बदलत बदलत जावं लागतं अशा ठिकाणची. तिथे कुणी शिक्षक टिकत नाही म्हणून त्याने प्रवेश घेतानाच तीच मागितली होती.

"पाठ झाले की लगेच निघावं लागेल," तो म्हणाला.

"अभिनंदन."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणू?"

तो काहीतरी बोलणार होता. मला दिसलं. पण ते काय असेल याची मला इतकी धास्ती वाटली — असेल याची आणि नसेल याचीही — की मीच घाईने म्हणाले, "हवा चांगली असेल तिकडे. तब्येतीला बरी." त्याचा पाय फरशीवर दाबला गेला. धप्.

त्या रात्री वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आवाज का बसलाय?"

"खडूची धूळ, गं."

"हो का? नाव काय खडूचं?"

"वहिनी!"

"बरं, राहिलं. पण एक सांगू? सासूबाई असत्या तर त्यांनी केव्हाच पापण्या मिटल्या असत्या."

फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून होते.

शेवटच्या पाठाचा विषय होता सावली. मॅडम दाराशी बसल्या होत्या, तो मागे. मी बॅटरी पेटवून पेन्सिलीची सावली भिंतीवर पाडून दाखवली. मुलं खूश झाली. मग विचारलं, "दुपारी आपली सावली एवढीशी असते. संध्याकाळी ती लांब का होते?"

खडू खाली ठेवला. हात झटकले.

कुणी बोललं नाही.

पंखा फिरत होता. दूर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. मी धप्ची वाट पाहिली... पण ते आलं नाही. मागे पाहिलं, तर त्याने दोन्ही पाय खुर्चीखाली मुडपून घेतले होते. गाडी आता माझ्या एकटीच्या हातात होती.

मग पहिल्यांदाच मी त्या शांततेकडे नीट पाहिलं. ती रिकामी नव्हती. कुणी ओठ हलवत होतं, कुणी पेन्सिल उभी-आडवी करून बघत होतं. आतमध्ये सगळीकडे काम चाललं होतं. पहिल्या बाकावरची चष्मेवाली नाकातलं बोट काढून म्हणाली, "सूर्य खाली येतो ना... मग सावली आडवी होते. दमून."

वर्ग खदखदून हसला. मागून कुणी ओरडलं, "दमून नाही गं, तिरक्या उजेडाने!" आणि मग एकच गलका झाला. मी आता कुठे खडू उचलला.

मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी भेटणार नाही आपण. वाईट वाटतंय."

तो फाटकापाशी उभा होता. शेजारी त्याची जुनी शिकवणीची गाडी. छपरावरची पाटी काढल्याच्या खुणा अजून होत्या.

"सोडतो घरी. बसा." त्याने दार उघडलं. पायाशी खरंच एक जास्तीचा ब्रेक होता. "आज हा तुमच्याकडे. सुसाट निघालो तर लावा."

"तुम्ही कधी सुसाट निघालात?"

"आज विचार आहे," तो म्हणाला आणि बैलगाडीच्या वेगाने गाडी काढली.

उन्हं उतरली होती. रस्त्यावरच्या माणसांपुढे त्यांच्या लांबच लांब सावल्या चालल्या होत्या. आमच्या घरासमोर त्याने गाडी थांबवली. खिडक्या बंद होत्या, जशा रोज असतात.

"तिकडून इकडे यायला अख्खी सकाळ जाते," तो समोर बघत म्हणाला. "तरी सुट्टीच्या दिवशी मी येत जाऊ का? फक्त... तुमच्यासाठी?"

त्याने किल्ली काढली आणि समोर काचेखाली ठेवली. हात मांडीवर. आणि थांबला.

माझा पाय ब्रेकवर होता. तो मी काढून घेतला.

किती तरी उत्तरं माझ्याकडे तयार होती. लोक काय म्हणतील, माझं वय, तुमची दगदग. एकेक आलं आणि मी त्याला जाऊ दिलं. मग दार उघडून खाली उतरले, फाटकापर्यंत गेले आणि मागे वळले.

"चहा घेणार?" मी विचारलं.

'घेणार तर, साखर कमी' — सवयीने ओठांवर आलंच होतं. मी ओठ मिटले. हातात खडू नव्हता, तरी हात झटकले. फाटकाची कडी माझ्या पाठीला गार लागत होती.

त्याने आकाशाकडे पाहिलं. कान खाजवला. तिसरीतल्या मुलासारखा खूप, खूप वेळ घेतला. आणि मी थांबले.

"घेईन," तो म्हणाला. "पण साखर जास्त."