केशरचा बांबू

"हा पांडा नव्हे!" यशोधनने ठणकावून सांगितले, आणि कुंपणापलीकडे झारी घेऊन उभ्या असलेल्या मुलीने पावसाने भिजलेल्या टोपीखालून त्याच्याकडे पाहिले.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ शहरापासून अर्ध्या तासावरच्या त्या लहानशा प्राणी-उद्यानात मराठी मंडळाची सहल आली होती. इतरांच्या पत्रकांत चुका काढणारा यशोधन मंडळाचा संपादक. सहलीआधी त्याने 'अजस्र पांडा' या विषयावर दोन पाने लिहून घरोघर पाठवली होती. ती वाचून मुलांनी काळे-पांढरे मुखवटेही केले होते. आणि समोरच्या फांदीवर झोपले होते एक तांबूस, झुबकेदार शेपटीचे, मांजराएवढे जनावर.

"काका, दॅट्स अ कॅट," छोटी सिद्धी म्हणाली.

"हाच पांडा, लाल पांडा," ती मुलगी चक्क मराठीत म्हणाली. "नाव आधी हिला मिळालं. तुमच्या अजस्राला नंतर... आणि तो आख्ख्या न्यूझीलंडमध्ये नाही. फोन करून विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

यशोधनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पालकांचे हसू त्याच्या पाठीत टोचत होते. पण त्या मुलीने आतून लाल खडू आणले, मुलांना पायरीवर बसवले आणि पाहता पाहता सगळे मुखवटे तांबूस झाले. तिचे नाव जुई. ती मूळची सांगलीची. पामर्स्टन नॉर्थला शिकून इथे प्राणिपालक झाली होती. फांदीवरच्या मादीला ती केशर म्हणे.

पुढच्या शनिवारी तो क्षमा मागायला गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र कारण सांगावे लागले.

"आज काय चुकलंय आमचं?" जुईने विचारले.

"फलकावर एक स्वल्पविराम..."

"त्यासाठी चाळीस किलोमीटर?"

"स्वल्पविराम महत्त्वाचा असतो —" तो म्हणाला, आणि तिचे हसू पाहून पुढचा युक्तिवाद विसरला.

मग एके दिवशी दक्षिणेच्या वाऱ्याने उद्यानातला बांबू आडवा केला.

"तुझ्या घरामागे आहे म्हणालास ना? औषध-बिषध मारलेलं नाही ना पण?"

"मुळीच नाही," तो म्हणाला. त्याने कुणालाही विचारले नव्हते. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द तिच्यासमोर त्याच्या तोंडून निघेनात, एवढेच.

शनिवारी सकाळी एका मापाने कापलेली मोळी त्याने तिच्या हाती दिली. घेताना तिची बोटे क्षणभर त्याच्या बोटांवर रेंगाळली, आणि तो तरंगतच घरी परतला. अंगणात घरमालक प्रमोदकाका उभे होते.

"बांबू छाटलास? बरं केलंस. कीड लागली होती. परवाच फवारलं मी."

यशोधनने तिथूनच जुईला फोन लावला. तो वाजतच राहिला. पिंजऱ्यात जाताना ती फोन कपाटात ठेवत असे. उद्यानाच्या कचेरीत फोन करून त्याने एवढेच सांगितले, "तो बांबू देऊ नका, त्यावर औषध आहे," आणि पायातल्या रबरी चपलांसकट गाडीत बसला. वाटेत त्याला सबब सुचली: घरमालकाने ऐनवेळी चुकीची माहिती दिली. वाक्य निर्दोष होते. ते त्याने दोनदा घोळवले, आणि दुसऱ्यांदा त्याला स्वतःचीच किळस आली.

जुई पिंजऱ्याच्या दाराशी होती. मोळी तिच्या पायाशी.

"खाल्लं?"

"झोपली होती, म्हणून वाचली. टांगलेलं सगळं काढलं मी." तिने मोळी पायाने दूर लोटली. "तू तर म्हणाला होतास —"

"खोटं बोललो. मी कुणालाच विचारलं नव्हतं. तुझ्यासमोर अज्ञानी दिसायची लाज वाटली... आणि आता जी वाटतेय, तिच्यापुढे ती काहीच नव्हती."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. वर केशरने आळस दिला, शेपूट तोंडावर ओढली आणि पुन्हा झोपली.

"एखादी सबब सुचली नाही तुला?"

"सुचली होती. फार सुरेख होती."

"मला राग आलाय, यशोधन. खूप."

"यायलाच हवा." आयुष्यात प्रथमच त्याने वाद घातला नाही. तो वळला... थांबला. "आणखी एक खरं सांगायचं होतं. पण आज मला तो अधिकार नाही."

"तेही अंदाजाने आहे, की कुणाला विचारलंयस?"

"विचारलं नाही. पण त्याची मला खात्री आहे."

"तुझ्या खात्रीचाच तर मी धसका घेतलाय." ती म्हणाली खरी, पण ओठांचा एक कोपरा तिला आवरला नाही. मोळीचे एक टोक तिने उचलले. "धर पलीकडून. हे टाकून येऊ. मग विचार मला... नीट, प्रश्न म्हणून."

त्याने दुसरे टोक धरले. कचराकुंडीपर्यंतची वाट पन्नास पावलांची होती. तेवढ्यात त्याने तीन वाक्ये रचली, तिन्ही मोडली, आणि शेवटी भिजल्या आवाजात एवढेच विचारले,

"मी तुला आवडतो का? मला... ठाऊक नाही."

"हं," जुई म्हणाली, "आत्ता कुठे आवडायला लागलास."