सात चिठ्ठ्या, एकच वचन

“धाकटीच्या सातही चिठ्ठ्यांवर हेच लिही. ‘इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा.’ बास. मागचं-पुढचं काही नको.”

बाबा हे बोलले ते खिडकीबाहेर बघत. ताईच्या हातातली चष्म्याची काडी तिथल्या तिथे थबकली. वर्षाचा शेवटचा दिवस होता, दुपारचं ऊन दुकानातल्या काचांवर पडलं होतं, आणि तिच्या काळजात मात्र तेरा वर्षांपूर्वीची ती सकाळ लख्ख उभी राहिली होती...

त्या ख्रिस्ती घरात नवं वर्ष पवित्र शास्त्राच्या वचनाशिवाय सुरू होत नसे. बाबा चष्मे बनवणारे. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. दर वर्षी ते घरातल्या प्रत्येकासाठी शास्त्रातली सात वचनं निवडत, चिठ्ठ्यांवर लिहीत, आणि ज्याच्या त्याच्या चष्म्याच्या रिकाम्या घरात गुंडाळून ठेवत. पहिल्या दिवशी प्रार्थना करून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. जे येईल ते वर्षभराचं. त्यावर वाद नाही, अपील नाही! आता बाबांचा हात कापत असे, काचा ताईच घासत असे, आणि म्हणून चिठ्ठ्याही यंदा तिनेच लिहायच्या होत्या.

“बाबा, सातही सारख्या असल्या तर ती चिठ्ठी उचलणार कशाला?”

“तिला कळणार नाही. एकच तर उघडते. आणि मी खोटं काही लिहायला सांगत नाहीये, प्रभूचाच शब्द आहे ना तो?”

प्रभूचाच शब्द! ओठांवर आलेलं उत्तर ताईने गिळलं. गिळायची सवय तिला होतीच.

तेरा वर्षांपूर्वी ती एकोणीस वर्षांची होती. परिचारिकेच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं होतं, दुसऱ्या शहरातून. पण आई जाऊन जेमतेम महिना झाला होता, धाकटी आठ वर्षांची, आणि बाबा ताटावरून तसेच उठून जात. नव्या वर्षाच्या सकाळी तिने चिठ्ठी उचलली. इथे थांबा. बाबा म्हणाले, “देवाची इच्छा!” ती थांबली. संध्याकाळी तिचं चष्म्याचं घर आवरताना उरलेल्या सहा चिठ्ठ्या उघडल्या गेल्या, आणि सहांवरही तेच वचन, त्याच अक्षरात... त्या अभागिनीने सहाही चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि बाबांना विचारलं, “चहा टाकू?”

तेरा वर्षं! लोक म्हणत, केवढी सोशिक मुलगी. लोकांना काय जातं म्हणायला? दुसऱ्याच्या सोशिकपणाचं कौतुक फुकट करता येतं.

आणि आता धाकटीला तसंच पत्र आलं होतं. तीन तारखेच्या आत होकार कळवायचा होता.

ताईने चिठ्ठ्या कापल्या. पेन उचललं. एक भयंकर मोह तिच्या मनात शिरला... सातही चिठ्ठ्यांवर ‘जा’ लिहावं! शास्त्रात ‘जा’ काय कमी वेळा आहे? बापाचं घर सोडून जा, असंसुद्धा आहे! पण मग बाबांत आणि तिच्यात फरक तो काय राहणार? दोघांनीही देवाच्या तोंडात आपलेच शब्द कोंबायचे? तिने पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. टेबलावर चष्म्याची तीन घरं. धाकटीचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, पण तोंड गप्प बसेल तर ती धाकटी कसली!

“गेल्या वर्षी मला ‘शांत राहा’ आलं होतं. बाबांनी वर्षभर तेच ऐकवलं. यंदा काही बरं निघू दे रे देवा.”

“उचल,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओढलेल्या दोरीसारखा ताणलेला.

तिने चिठ्ठी उलगडली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली.

“ताई... ही कोरी आहे गं!”

“दुसरी घे,” ताई म्हणाली.

दुसरी कोरी. तिसरी कोरी. बाबा ताडकन उठले, खुर्ची मागच्या मागे पडली.

“माझ्या घरात वचनाची थट्टा? आज? वर्षाच्या पहिल्या दिवशी?”

“थट्टा तेरा वर्षांपूर्वी झाली, बाबा. मी उरलेल्या सहा चिठ्ठ्या वाचल्या होत्या.”

 धाकटी एकदा बाबांकडे, एकदा ताईकडे बघत राहिली.  ताईने फळीवरचं शास्त्र काढलं, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. 

“वाचा. चिठ्ठीत मावतं तेवढं नको. अख्खं वाचा. आमचं वर्ष या पुस्तकावर उभं करायचं ना? मग पुस्तकावर करा, कात्रीवर नको!”

“ताई, अगं...” धाकटी पुटपुटली.

“तू थांब. वाचा, बाबा!”

बाबांनी चष्मा चढवला. बोट ओळीवर ठेवलं. प्रभू बागेत आहे, उद्या मरण आहे, सोबत जिवाभावाची तीन माणसं... आणि तो त्यांना म्हणतो, माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे, इथे थांबा...

तिथे त्यांचा आवाज फुटला.

“हे... हे आधीचं अर्धं मी कापलं होतं,” ते म्हणाले, आणि तो करारी माणूस टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला. “तुझी आई गेली होती गं... मला म्हणता येईना, की पोरी, मी मोडलोय, जाऊ नकोस. बापाने मुलीपुढे हात पसरायचे? लाज वाटली! म्हणून देवाकडून हुकूम सोडला...”

“हुकूम नव्हताच तो, बाबा! विनवणी होती! तुम्ही नुसतं म्हणाला असता ना, तर मी आनंदाने राहिले असते हो... आनंदाने!” आणि तेरा वर्षं अडवून धरलेले अश्रू तिच्याही डोळ्यांतून वाहू लागले.

“मला माफ कर.”

“आज नाही जमणार. खोटं कशाला बोलू? पण पुढे वाचा. तुम्ही तिथेच थांबलात. प्रभू थांबला नाही.”

बाबांनी डोळे पुसले. माणसं झोपी गेली. तीन वेळा त्याने येऊन पाहिलं, तीनही वेळा झोपलेली. बाबांचं बोट ओळीमागून ओळ सरकत गेलं, आणि एका ठिकाणी येऊन थांबलं.

“उठा... आपण जाऊ.”

 मग बाबांनी शास्त्र मिटलं, धाकटीकडे पाहिलं.

“होकार कळव. आजच कळव. आणि ऐक, मला तुझी फार आठवण येणार आहे. हे मी सांगतोय, देव नाही.”

धाकटी हसली की रडली, तिचं तिलाही कळलं नाही. ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि मग पत्र शोधायला आत धावली.

बाबा ताईकडे वळले. “आणि तू? तुला काय हवंय?”

‘माझं काय, माझं चाललंय,’ हे वाक्य तिच्या जिभेवर आलं, तिथेच अडकलं. परिचारिकेच्या प्रशिक्षणाचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. काय हवं होतं तिला? तिला ठाऊक नव्हतं... हा प्रश्न या घरात तिला कुणी विचारलाच नव्हता!

तिने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

“बसा,” ती म्हणाली. “विचार करून सांगते. वेळ लागेल मला.”

आणि बाबा बसले.