न घातलेले टाके

निजामाच्या अमलात मी धारूरच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचो. एका दुपारी बंकट नावाचा शेतकरी धापा टाकत आला.

"रामकिसनच्या पायावर कुऱ्हाड पडलीय. लई रगत चाललंय... चला."

घाट उतरून वस्तीवर पोचेस्तोवर ऊन कलंडलं होतं. बंकट मला दारात सोडून लगबगीनं कुठंतरी निघून गेला. वस्ती सगळी सुनसान. घरात धुराचा आणि रक्ताचा वास. रामकिसन डोळे मिटून पडला होता. त्याची म्हातारी आई, बायनाबाई, चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसलेली. त्याच्या पायाशी डोईवरून पदर ओढलेली एक तरुण बाई होती. तिनं दोन्ही तळव्यांनी जखम गच्च दाबून धरली होती.

"असंच धरा, बाई. सारखं उचलून बघू नका," मी म्हणालो.

म्हातारीनं उकळून निववलेलं पाणी मागं सरकवलं, वळून काही पाहिलं नाही. रक्त ओसरल्यावर मी जखम धुतली, चिमट्यानं माती आणि लाकडाच्या बारीक ढलप्या काढल्या. मध्येच त्या बाईचा हात माझ्या हाताला लागला. गारठलेला... विहिरीच्या तळासारखा. मी उकळलेलं फडकं जखमेत सैलसर भरलं आणि पट्टी बांधू लागलो.

"टाकं न्हाई घालत?" ती कुजबुजली.

"आज नाही. आत घाण कोंडली तर पाय सडेल. चार दिवसांनी जखम स्वच्छ दिसली, की घालू."

हात धुऊन मी बायनाबाईला म्हणालो, "तुमच्या सुनेनं दाबून धरलं, म्हणून वाचला."

म्हातारीच्या हातातलं भगुलं खाली पडलं.

"सून?... सत्यभामा सकाळीच गेली, बाबा. बाळंतपणात, लेकरासकट. तिच्याच सरणाची लाकडं फोडताना ह्याला लागलं. आत्ताच नेलं तिला समद्यांनी."

मी वळलो. पायाशी कुणी नव्हतं. रामकिसन डोळे मिटूनच हुंदके देत होता.

"हात लई गार होते तिचे..." तो म्हणाला.

चार दिवसांनी मी सुईदोरा घेऊन गेलो. पट्टी सोडली. जखम स्वच्छ होती... आणि शिवलेली. एका लांब, काळ्याभोर केसानं, नीट टाके घालून.

"कुणी शिवलं?"

"पट्टीला कुणीबी हात लावला न्हाई," बायनाबाई म्हणाली.

जखम भरल्यावर टाके काढायला कात्री उचलली, तर रामकिसननं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, दादा. तेवढंच हाय माझ्यापाशी."

मी कात्री ठेवली.

त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पुष्कळ वर्षांनी तो खोकल्याचं औषध न्यायला आला, म्हातारा होऊन. मी त्याच्या पायाकडं पाहिलं. टाके तसेच होते.

फक्त तो केस आता पिकला होता.