खांब दिसला पाहिजे

सुट्टी लागली होती आणि तराफा कशाचा करायचा यावरून कडाक्याचं भांडण पेटलं होतं. ताईला रिकामे डबे हवे होते, वकिलाला टायरची ट्यूब. वकील म्हणजे समोरच्या घरातला मुलगा. ऊन पडलंय म्हटलं तरी पुरावा मागायचा, म्हणून सगळ्या गल्लीनं त्याला ही पदवी बहाल केली होती. भांडण अगदी रंगात आलं होतं, तेवढ्यात ताईची धाकटी बहीण पिटुकली धावत आली, डब्यांच्या ढिगावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. पडली असेल, असं दोघांना वाटलं. पण ती पडली नव्हती.

"काकूंची खोली पाडणार आहेत," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

तराफा तिथेच राहिला.

काकू म्हणजे शिंपीकाकांची बायको. आजारपणानं त्यांना अंथरुणाला खिळवलं, तेव्हा काकांनी त्यांचा पलंग रस्त्याकडच्या पुढे आलेल्या छोट्या खोलीत हलवला होता. तिला गल्लीच्या कोपऱ्याकडे बघणारी एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून काकूंनी सगळी गल्ली चालवली. कुणाचा चेंडू कुणाच्या छपरावर आहे, कुणाची आई कुणाला शोधतेय, कुणी कुणाशी कट्टी घेतलीय, सगळ्याची खबर त्यांच्याकडे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा लागला की त्या हाक मारायच्या, "दिवा लागला रे, पळा घरी." मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून मुलं त्या खिडकीखाली खेळत नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, पण पायच तिकडे वळत नसत.

आता ही खोली पाडायचं कारण ऐका. गल्लीच्या एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला तो दिव्याचा खांब. गावाचा नियम असा, की टाकीपाशी उभं राहून पाहिलं तर खांब दिसला पाहिजे. मध्ये कुणाची भिंत आली, तर ती भिंत रस्त्यावर आली असं समजायचं. टेप नाही, दोरी नाही. पंचायतीचे सचिव टाकीला पाठ टेकून उभे राहायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे. गाव लहान, भांडणं लहान, तेव्हा आजवर निभावून गेलं होतं. यंदा सचिवांनी डोळा मिटला, तर खांब दिसेना. मध्ये काकूंची खोली आली. सभेत ठराव झाला, काकांना बोलायला सांगितलं, आणि काका एवढंच म्हणाले की मी एक वीटही हलवलेली नाही. ते कुणाला पटलं नाही. मोठ्या माणसांना मिटलेल्या डोळ्यावर किती विश्वास असतो पाहा.

मुलं काकांकडे गेली. काका स्टुलावर उभे राहून खिडकीचं एक दार उतरवत होते. दुसऱ्यांनी घण घालण्यापेक्षा आपल्या हातानं उतरवलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तोंडात स्क्रू होते, त्यामुळे शब्द नीट कळत नव्हते, आणि डोळे लाल होते ते ताईला लगेच दिसलं. ती मुकाट्यानं स्टूल धरून उभी राहिली.

पिटुकलीला मुकाट राहणं माहीत नव्हतं. तिनं सरळ विचारलं, की खोली गेल्यावर तुम्ही संध्याकाळी कुठे बसणार?

काका खाली उतरले, तोंडातले स्क्रू हातात घेतले आणि पलंगावर बसले. मग त्यांनी मुलांना जे सांगितलं, ते बहुधा अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. काकू गेल्यापासून ते रोज संध्याकाळी तिच्या उशीवर डोकं ठेवून पडत. तिला जे दिसायचं ते आपल्याला दिसावं, एवढीच इच्छा.

"पण तो दिवा दिसतच नाही रे," काका म्हणाले. "नुसता शेजाऱ्यांचा जिना दिसतो. ती रोज मला सांगायची, दिवा लागला, आता मशीन बंद करा. म्हणजे मला बरं वाटावं म्हणून रचून सांगत होती का? मग आणखी काय काय रचून सांगितलं असेल तिनं?"

वकील सरळ पलंगावर जाऊन आडवा झाला, उशीवर डोकं ठेवलं आणि खिडकीतून पाहत राहिला. खरंच, दिवा दिसत नव्हता.

"काकू खोटं बोलत नव्हत्या," तो उठून म्हणाला. "पुरावा आहे. एकदा त्यांनी आम्हाला इथून ओरडून सांगितलं होतं, की दिव्याभोवती पाखरं जमलीत, पाऊस येणार. आम्ही खांबाखालीच होतो. पाखरं होती. पाऊसही आला."

मग त्याची उलटतपासणी सुरू झाली. पलंग हलला का? नाही, पायांनी फरशीवर गंजाचे डाग पाडले होते आणि पाय त्या डागांवरच होते. जिना पुढे आला का? त्याच्यावरचं शेवाळ वकिलापेक्षा वयानं मोठं होतं. राहता राहिला खांब. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धूम ठोकली.

कोपऱ्यावर खांब आपला उभा होता, जसा काही जन्मापासून तिथेच आहे. ताईनं त्याच्याभोवती चार चकरा मारल्या. वकिलानं उकिडवं बसून खांबाच्या बुडाशी नाक नेलं. काही सापडेना. पिटुकली कंटाळून काटकीनं रस्त्याकडेची खडी उकरत होती. तिची काटकी कशावर तरी खटकन अडली. खडी बाजूला केली तर खाली काँक्रीटचा गोल ठोकळा, आणि त्याच्या मधोमध कापलेल्या लोखंडी खांबाची कडा. आताच्या खांबापासून दोनच ढांगा, पण रस्त्याच्या बाजूला.

गावातले दिवे बघणारे वायरमनमामा चक्कीवर मोटर दुरुस्त करत होते. त्यांनी काहीही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. एका ट्रकनं मागे येताना खांबाला धडक दिली होती. जुना खड्डा काँक्रीटनं भरलेला, तो फोडायचा म्हणजे दिवसभराचं काम. म्हणून मामांनी खांब बुडाशी कापला आणि घरांच्या बाजूला मऊ जमीन पाहून उभा केला. सचिवांना येऊन बघा म्हटलं, तर ते म्हणाले, दिवा लागतो ना, मग झालं.

"हे कधी केलंत?" ताईनं विचारलं.

मामा जरा घुटमळले. "तुमच्या काकूंना पोहोचवायला सगळे गेले होते ना, त्या दिवशी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, कामाला अडथळा नाही."

त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक माणूस रडत होतं, मग खांबाकडे कोण बघणार?

सचिवांकडे गेल्यावर अपेक्षेप्रमाणेच झालं. ते म्हणाले की ठराव झालाय, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको, आणि सुट्टीत काही चांगलं वाचा. ठोकळा बघायलाही ते खुर्चीवरून उठले नाहीत. पंचायतीच्या अध्यक्षबाई बाहेरगावी, त्या सकाळीच येणार. वकील वाद घालायला बाह्या सरसावत होता, पण ताईनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. वाद घालून हे ऐकणारे नाहीत, ती म्हणाली, त्यांचं त्यांनाच दिसायला हवं. मग ती गल्लीतल्याच त्या पंचायत कचेरीच्या ओट्यावर उभी राहिली, कोपऱ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदाच थोडीशी हसली.

सकाळी मजूर घण आणि पहारी घेऊन आले. अख्खी गल्ली जमली. काका एका बाजूला काकूंची उशी पोटाशी धरून उभे होते आणि कुणाकडेच पाहत नव्हते. ते बघून पिटुकलीला परत रडू फुटलं. ताई मात्र केस नीट विंचरून सचिवांपुढे गेली. गावाच्या कारभारावर निबंध लिहायचाय, हद्द कशी बघतात ते एकदा दाखवाल का, असं तिनं इतक्या गोड आवाजात विचारलं, की तिच्या आईनं चमकून पाहिलं. सचिव फुलले. टाकीला पाठ टेकून त्यांनी डोळा मिटला आणि खोली कशी आड येते ते अध्यक्षबाईंनाही दाखवलं.

"आणि खांबाकडून पाहिलं तरी असंच दिसतं ना?" वकिलानं विचारलं. "नियम दोन्ही बाजूंनी सारखाच?"

अर्थात सारखाच, सचिव म्हणाले, आणि तरातरा खांबापाशी गेले. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. मग रुमालानं चष्मा पुसला.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सचिव नुसते बाजूला सरकले. बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या आणि डोळा मिटून पाहायला लागल्या. टाकी दिसत नव्हती. काकूंची खोलीसुद्धा दिसत नव्हती. दिसत होती ती पंचायत कचेरीच्या ओट्याची पुढे आलेली भिंत, फलकासकट. कचेरी खांबाच्या जवळ होती, तेव्हा रेषेत सगळ्यात आधी तीच येत होती, आणि टाकीकडून बघताना काकूंच्या खोलीनं तिला झाकून टाकलं होतं.

"मग घण आधी तिकडे न्यायचा का?" एका मजुरानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

लोक हसले. काका हसले नाहीत. पिटुकलीनं अध्यक्षबाईंचं बोट धरलं, त्यांना दोन ढांगा ओढत नेलं आणि गोल ठोकळ्यावर उभं केलं. बाईंनी परत डोळा मिटला. कचेरीचा ओटा बाजूला, काकूंची खोली बाजूला, आणि गल्लीच्या शेवटी टाकी, तिच्या नळासकट. तोवर वकिलानं वायरमनमामांना धरून आणलं होतंच. त्यांनी सगळी हकिकत परत सांगितली, ट्रकपासून ते 'दिवा लागतो ना'पर्यंत, आणि सचिवांची मान खाली खाली जात राहिली.

अध्यक्षबाईंनी मजुरांना पहारी तिकडे न्यायला सांगितलं आणि जुना ठोकळा फोडून खांब होता तिथे उभा करायचा हुकूम दिला. काकांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. मुलांच्या पाठी थोपटल्या, म्हणाल्या की आम्ही इतके जण डोळे मिटून बसलो होतो, तुम्ही उघडे ठेवलेत. सचिवांनीही वकिलाच्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच.

दुपारी मुलं काकांना खिडकीचं दार परत बसवायला गेली. ताई स्टूल धरून, पिटुकलीच्या ओंजळीत स्क्रू. काका बराच वेळ काम करत राहिले. मग पाठ वळलेलीच ठेवून त्यांनी विचारलं, की ती आजारी असताना तुम्ही या खिडकीखाली इतका दंगा का करायचात? मी रागवायचो, तरी थांबायचा नाहीत.

वकिलानं ताईकडे पाहिलं. काकूंनी शपथ घातली होती. पण काका इतके महिने काकूंना खोटं मानून झुरले होते, आणि ताईला आता काहीच लपवावंसं वाटेना.

"काकूंनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "खूप दुखायला लागलं की त्या खिडकीवर टकटक करायच्या. मग आम्ही ओरडायला लागायचो. त्यांचं कण्हणं तुम्हाला आत ऐकू जाऊ नये म्हणून."

काकांचा हात थांबला. स्क्रूड्रायव्हर त्यांनी खिडकीत ठेवला.

"ऐकू यायचं गं," ते म्हणाले. "म्हणून तर मी मशीन जोरात चालवायचो. कापड नसलं तरी चालवायचो. तिला मोकळेपणानं रडता यावं म्हणून."

ते स्टुलावरून उतरले आणि पलंगाच्या कडेला बसले. पिटुकलीनं स्क्रू उशीवर ठेवले आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. रस्त्यावर कुणीतरी मुलांना जेवायला हाका मारत होतं, पण त्यांच्यातलं कुणी उठलं नाही.