भट्टीतला दुसरा पाव

हे मी रचून सांगत नाही. माझ्या आईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्या संध्याकाळी ती दोनातामामीसोबत भट्टीपाशीच होती.

आमचं पिएत्राफोस्का दक्षिण इटलीतल्या डोंगरमाथ्यावर. शत्रूच्या भीतीने पूर्वजांनी आठशे वर्षांपूर्वी ते तिथे वसवलं. शत्रू काही वर चढला नाही. डोंगरच खाली सरकू लागला. कडा ढासळला तेव्हा सगळे दरीतल्या नव्या वस्तीत उतरले.

मामी एकटी वर राहिली.

तिचा एकुलता एक मुलगा एजिदिओ बेल्जियमला कोळशाच्या खाणीत होता.

“वहिनी, चला आता,” आई म्हणाली. “इथे तुमच्याशी भांडायला शेजारीणसुद्धा उरली नाही.”

“मी खाली गेले, तर पोरगं आल्यावर कुणाचं दार ठोठावेल?”

अख्ख्या गावाला भट्टी एकच. कुठला पाव कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकाचा लाकडी ठसा असे. मामीचा कोंबडा. एजिदिओने स्वतःसाठी मासा कोरला होता, आणि जाताना तो खिशात घालून नेला होता.

सेंट जोसेफच्या सणाची आदली संध्याकाळ. मामीने कोंबड्याचा ठसा मारून एकच पाव आत सरकवला. आईने झाकण लावलं.

वारा पडला. खालच्या वस्तीतली कुत्रीही गप्प झाली...

आणि भट्टीच्या आतून आवाज आला.

ठक्... ठक्...

“दगड तापलाय,” आई म्हणाली.

“दगड असा थांबून थांबून वाजत नाही गं, आसुन्ता.”

ठक्...

मग काहीच नाही.

मामीने झाकण काढलं. आत दोन पाव होते.

एकावर कोंबडा. दुसऱ्यावर... मासा.

धगधगत्या भट्टीतला तो पाव हाताला गार लागला. मामीने तो मोडला. आत ओलसर कोळशाची भुकटी होती.

ती रडली नाही. तिने घराला कडी लावली.

“चल, आसुन्ता. आता कुणाची वाट बघू?”

खाणीत स्फोट झाल्याची तार नंतर आली. आत अडकलेली माणसं बराच वेळ भिंत ठोकत होती म्हणे. त्यांना कुणी बाहेर काढू शकलं नाही.

एजिदिओची पेटी तेवढी घरी आली. तिच्यात सदऱ्यांखाली ठसा होता, आणि माशाच्या खाचांत ओली कणीक.

मामी गेली, आई गेली. ठसा आता माझ्याकडे आहे. कितीदा धुतला, उन्हात ठेवला.

ती कणीक अजून वाळलेली नाही.